अकोल्यात अडकलेला पार्ट

श्रावण सरत आला की आमच्या घरात लोणी कढवतात. आई ते पोळ्यासाठी म्हणून महिनाभर साठवते. तुपाचा वास स्वयंपाकघरातून निघतो, बैठकीत रेंगाळतो आणि मग माझ्या खोलीत येतो. लोकांना या वासाने भूक लागते. मला लाज वाटते. कानाच्या पाळ्या गरम होतात, हातातलं काम टाकून मी उगाच टेबलाच्या खणात काहीतरी शोधायला लागतो. बायको असती तर तिने विचारलं असतं, काय हरवलं म्हणून. आई विचारत नाही. तिला ठाऊक आहे.

आज तो वास पुन्हा आला आहे. उद्या पोळा. सकाळपासून बारीक झड लागली आहे, दोरीवरचे कपडे आत-बाहेर करून आई कंटाळली आहे, आणि माझ्या टेबलावर मशीन सागाच्या फळीतून बैलाचं वशिंड कापून काढत आहे. आधी शिंगं, मग पाठीची रेघ, मग चार पाय. ही मशीन संगणकावर काढलेली आकृती जशीच्या तशी लाकडात कापते. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, कॉलनीतली लेकरं आपापले लाकडी बैल सजवून घरोघर फिरतात. आता त्यांतले बरेच बैल माझ्या खोलीत जन्म घेतात. पाहुणे येतात, कौतुक करतात, "सुटे भाग मागवून स्वतः जोडली म्हन!" असं एकमेकांना सांगतात. मी मान डोलावतो. जोडली, हे खरं आहे. पण एकदा नव्हे. जोडली, खोलली, परत जोडली. एक अख्खा श्रावण मी हेच केलं, आणि का केलं ते कौतुक करणाऱ्यांना मी कधी सांगितलं नाही.

त्या वर्षी मी आषाढात पुण्याहून घरी आलो. पुण्यात गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी डिझाइनचं काम करायचो. कंपनीने माणसं कमी केली, त्यांत मी होतो. यात लाजण्यासारखं काय, असं कुणी विचारलं तर मीही म्हणेन, काही नाही. शेकडो लोकांचं होतं. पण अमरावतीच्या बस स्टँडवर उतरलो तर बाबा छत्री घेऊन उभे. गुडघे दुखत असताना रिक्षा करून आलेले. माझ्या हातातली बॅग ओढून घेत त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "किती दिवसाची सुटी हाय बाबू?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सुटी नाई बाबा. आता घरूनच काम हाय."

"अरे वा!" बाबा म्हणाले. मग त्यांचं लक्ष त्या लांबट, जड खोक्याकडे गेलं. "हे काय व्हय?"

खरं तर ती माझी हौस होती. नोकरी धडधाकट होती तेव्हा मागवलेला, घरी बसून जोडायच्या छोट्या सीएनसी मशीनचा संच. पुण्याच्या खोलीत तो पलंगाखाली पडून होता. तेवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण एक खोटं बोलून झालं होतं आणि दुसरं अगदी हाताशी होतं. "मशीन हाय," मी म्हटलं, "कंपनीच्या कामाची."

बाबांनी ते खोकं रिक्षात स्वतःच्या मांडीवर घेतलं. पाऊस आत येत होता, तर छत्री उघडून खोक्यावर धरली. स्वतः भिजले.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. जन्मभर त्यांनी वलगावला शेती केली. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा शेत मक्त्याने दिलं, आणि ज्याने घेतलं तो ट्रॅक्टरवाला, म्हणून बैलजोडी विकायला काढली. पाखऱ्या आणि हरण्या. बाजारात गिऱ्हाईक पटलं, बोलणं झालं, दोर त्याच्या हातात द्यायची वेळ आली, तेव्हा बाबा स्वतःहून म्हणाले, "हरण्या कडक उन्हात कधीकधी बसून जाते बरं भाऊ. मंग म्हनसान सांगतलं नाई." गिऱ्हाईक गेलं. आई कितीतरी दिवस बोलत होती, "तुमच्या तोंडाले झाकण कावून नाई?" बाबांचं उत्तर एकच, "बैल जाईन दुसऱ्याच्या घरी. त्याच्या मागं माहं खोटं कावून धाडू?" शेवटी बाळापूरकडच्या एका माणसाने हरण्याच्या खोडीसकट जोडी नेली. अशा माणसाच्या घरात मी 'घरूनच काम' घेऊन आलो होतो.

सकाळी चहा-नाश्ता झाला की मी माझ्या खोलीत जायचो आणि दार लावून घ्यायचो. लॅपटॉप उघडायचा, कानात इअरफोनचे बोळे घालायचे. बाहेर बाबा टीव्हीचा आवाज कमी करायचे. आई कुकर लावायच्या आधी विचारायची, "शिट्टी झाली तं चालन ना रे?" एकदा गल्लीत भाजीवाला ओरडत आला. गिलके, दोडके, तरोट्याची कोवळी भाजी. बाबा काठी टेकत फाटकापर्यंत गेले आणि त्याला म्हणाले, "हळू बोल ना भाऊ, पोराची मिटिंग सुरू हाय." तो बिचारा खरंच हळू बोलत पुढे गेला. मी आत मशीनच्या दांड्यांना नट कसत बसलो होतो. लॅपटॉपवर काहीही नव्हतं. त्या दिवशी हातातला पाना घामाने निसटत होता आणि घाम उकाड्याचा नव्हता.

मशीन मात्र मनापासून जोडली, ते नाकारत नाही. पहिल्यांदा सगळे भाग गोधडीवर मांडले. ॲल्युमिनियमच्या खाचा असलेल्या दांड्या, त्यांवर पळणारी छोटी चाकं, लांब आट्यांचे रॉड, चार मोटरी, वायरींचं भेंडोळं. श्रावणातली ओल अशी की सकाळी पुसलेला स्क्रू संध्याकाळी तांबूस दिसायचा. दोन बाजूंना दोन दांड्या, त्यांवर आडवा एक दांडा, आणि तो आडवा दांडा पुढे-मागे ओढायला दोन्ही टोकांना एकेक मोटर. बाबा दुपारी येऊन पलंगावर बसायचे. मी 'जेवायची सुटी' घेतलेली असायची. एकदा ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे तं जू झालं. आन् हे दोघं बैल."

तेव्हापासून मोटरींची नावं पडली. डावीकडची पाखऱ्या, उजवीकडची हरण्या. पहिल्यांदा वीज दिली तेव्हा एक वायर मी उलटी जोडली होती. एक मोटर पुढे निघाली, दुसरी मागे, आणि आडवा दांडा तिरका होऊन कर्र करत अडकला. बाबा हसून हसून खोकायला लागले. "हरण्या बसला वाट्टे!" ते म्हणाले. आई हात पुसत धावत आली, काय झालं म्हणून. तिलाही हसू आलं. माझ्या घरात मी इतकं हसू आणलं होतं आणि ते सगळं खोट्यावर उभं होतं. मीही हसलो.

पण मशीन पूर्ण झाली तरी ती काही कापू शकत नव्हती. संचात नुसती हलणारी अंगं होती. लाकूड कापते ती फिरती मोटर, जिला स्पिंडल म्हणतात, ती वेगळी मागवावी लागते. ती मी मागवली होती आणि ती येत नव्हती. मोबाइलवर पार्सलचा प्रवास दिसायचा. नागपूर सोडून ते अमरावती ओलांडून पुढे गेलं आणि अकोल्याला जाऊन बसलं. घरावरून गेलं आणि उतरलं नाही! अकोला, अकोला, अकोला. रोज तेच.

मी चिडायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. कारण "काय करून राहिला रे आजकाल?" या प्रश्नाला माझ्याकडे एक चोख उत्तर तयार झालं होतं. "मशीन तयार हाय, पार्ट यायचा हाय." वाट पाहणारा माणूस रिकामा दिसत नाही. त्याचं काम नुसतं अडलेलं असतं, आणि अडलेल्या कामाला आपल्याकडे मान आहे. पानठेल्यावर, मंदिराच्या पायरीवर, दळणाच्या रांगेत मी ते वाक्य वापरलं. बाबांनीही वापरलं. "पोराच्या कंपनीनं घरी मशीन धाडली. एक पार्ट अकोल्यात अडकला, नाईतर काम सुरूच होतं." हे ते अभिमानाने सांगायचे, आणि त्यांच्यासाठी ते खरं होतं. मी मात्र दाराआड जोडलेली मशीन खोलायचो आणि परत जोडायचो, बाहेर खटपट ऐकू यावी म्हणून.

लोक मशीन बघायला येऊ लागले. कापता येत नाही तर मी आडव्या दांड्याला पेन बांधला आणि कागदावर चित्रं काढून दाखवू लागलो. नावं, फुलं, बैल. कधी पेनची शाई संपली तर मशीन तशीच कोरड्या कागदावर फिरायची, अगदी मन लावून, आणि कागदावर काहीच उमटायचं नाही. मला ते बघवायचं नाही. मी पटकन बटण दाबून तिला थांबवायचो.

शेजारच्या सुनीताकाकू त्यांच्या नातीला, ओवीला, घेऊन आल्या होत्या. पेनने काढलेला बैल बघून ओवी तो कागद छातीशी धरून उभी राहिली. "लाकडाचा काढते का ही?" तिने विचारलं.

"काढते ना! पार्ट आला की तुझा बैल पहिला. यंदा बाजारातून घेऊच नको," मी म्हणालो. ऐट होती ती, दुसरं काही नाही.

काकूंनी खरंच बैल घेतला नाही.

श्रावण संपायला आठवडा उरला असेल. आई-बाबा देवळात गेले होते. फाटक वाजलं. कुरियरचा माणूस रेनकोटमधून पाणी गाळत उभा होता. त्याने खोकं हातात दिलं आणि निघून गेला. इतकी वाट पाहिलेली वस्तू मुठीएवढी निघाली. मी ते घेऊन दारात उभा राहिलो आणि मला कळलं की मला घाम फुटला आहे. आता ही मोटर बसवायची, मशीन सुरू करायची, आणि मग? मग 'कंपनीचं काम' कुठं आहे? उद्यापासून पार्टची वाट नाही. उद्यापासून मी नुसता घरी बसलेला माणूस. 

म्हणून मी ते खोकं लपवलं. घरात जागा शोधत फिरलो. कपाटात आईचा हात जातो, पलंगाखाली झाडू जातो. मागच्या खोलीत गव्हाची मोठी पत्र्याची कोठी होती, उन्हाळ्यात कडुलिंबाचा पाला घालून भरलेली, झाकण घट्ट बसवलेली. रोजचा गहू स्वयंपाकघरातल्या डब्यातून निघायचा. कोठीला कुणी हात लावत नव्हतं. झाकण उघडून मी खोकं पाल्यात खोल खुपसलं आणि वरून गहू सारखे केले.

पुण्यात इतकी वर्षं काढली की माणूस आपल्याच घरचे रिवाज विसरतो. आमच्याकडे उन्हाळ्यात भरलेली कोठी पहिल्यांदा उघडतात ती पोळ्याच्या पुरणपोळीला. लहानपणी ती उघडताना मी स्वतः बाबांच्या बाजूला उभा राहायचो, पाल्याचा तो कडू वास घ्यायचो. हे मला त्या दिवशी आठवलं नाही.

पुढचे काही दिवस मी रोज तोंड वाकडं करून म्हणत राहिलो, "नाई आला आजबी." अकोल्याला माझी मोठी बहीण असते. ताईला हे कळलं आणि तिला राहवलं नाही. मला न सांगता तिने स्कूटी काढली, भर पावसात त्या कुरियरच्या ऑफिसात गेली आणि खिडकीतल्या माणसाशी भांडली. तिथूनच तिने मला फोन केला. मागे लोकांचा गलका ऐकू येत होता.

"हा म्हनते पार्सल पोचवलं म्हनून! आता तूच सांग याले. खोटारडे हायेत सारे. मी म्हटलं, माहा भाऊ कायले खोटं बोलन?"

त्या माणसाने फोनवर "हॅलो, हॅलो" केलं. मी काय बोललो असेन? "पाहतो, पाहतो, राहू द्या," असं काहीतरी. ताई त्याला आणखी चार शब्द सुनावून ओल्या कपड्यांनी घरी गेली. रात्री तिचा पुन्हा फोन आला, "तू काळजी नको करू, मी उद्या परत जातो." मी कसंबसं तिला थांबवलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पाऊस उघडला. सकाळची कोवळी उन्हं होती, ओल्या भिंतीवरून वाफ निघत होती. मी खोलीतून बाहेर आलो तर ओसरीत बाबा पाय पसरून बसलेले, पुढ्यात सूप, सुपात गहू. ते गव्हातला पाला निवडत होते. बनियनला धूळ लागली होती. मला अजून काही समजलं नाही. तेवढ्यात कुंपणापलीकडून सुनीताकाकूंनी हाक मारली.

"भाऊ, बैल देते का तुमचा पोरगा? का मी बाजारातून आनू? पोरगी रडून राहिली सकाळपासून."

बाबा थोडा वेळ सूप हलवत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "घेऊन टाका बाई बाजारातून. पार्ट नाई आला अजून. अकोल्यात अडकला हाय."

मला हायसं वाटलं. खरंच वाटलं, ते लपवत नाही. काकू गेल्या. आणि मग माझी नजर सुपाच्या कडेला साचलेल्या वाळक्या कडुलिंबाच्या पाल्यावर पडली. कोठीचा पाला. कोठी उघडली होती. बाबांनी हात कोपरापर्यंत घातला असणार, आणि तिथे गव्हाशिवाय जे काही होतं त्याला तो लागला असणार. ज्या माणसाने आपल्या बैलाची खोड लपवली नाही, त्याने आत्ता, माझ्यासमोर, माझ्यासाठी, शेजारणीला खोटं सांगितलं होतं. माझंच वाक्य, शब्दही तेच. बाबांच्या तोंडात ते उष्टं अन्न घातल्यासारखं वाटलं मला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाला निवडत राहिले. मी उलट्या पावली खोलीत गेलो.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलाच्या खांद्यांना घट्टे पडलेले असतात. ते गरम पाण्याने शेकायचे, तूप-हळद पळसाच्या पानाने चोळायची आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. बैल विकल्यापासून आमच्याकडे त्या संध्याकाळी वाटीत तूप-हळद निघायची, थोडा वेळ ओसरीत राहायची आणि परत स्वयंपाकघरात जायची. त्या संध्याकाळी बाबा वाटी घेऊन माझ्या खोलीत आले. पाठीमागे आई, हातात पळसाचं पान.

"बैल नाई तं नाई," बाबा म्हणाले, "जू तं हाय घरात."

आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी मशीनच्या आडव्या दांड्यावर कोमट तूप-हळद फासली. हळद खाचांत उतरली, चाकांखाली गेली, पिवळा ओघळ मोटरपर्यंत आला. माझ्यातला इंजिनिअर कळवळला.

"बाबा, त्याले तूप नाई लावत! चाकं घसरतीन, भुसा चिकटन."

"भुसा चिकटायले काम तं केलं पायजे ना बाबू त्यानं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचाच होता. "वर्सभर राबते त्याचेच खांदे शेकते. हे तं एक दिवस बी राबलं नाई. पन घरातलं हाय. घरातल्याले वगळाव का?"

मी उभाच होतो. बाबांनी पाखऱ्याला तूप लावलं, हरण्याला लावलं. मग माझ्याकडे वळले. "फिर तिकडे." मी पाठ केली. त्यांनी माझ्या सदऱ्याची कॉलर मागे ओढली आणि त्यांचा खरखरीत हात माझ्या खांद्यावर आला. तूप कोमट होतं. मानेपासून दंडापर्यंत त्यांनी ते चोळलं, बैलाला चोळतात तसं, अंगठा दाबून. माझे खांदे मऊ होते. त्यांच्या बोटांना ते कळत होतं आणि त्यांना कळतंय हे मला कळत होतं. घट्टा नाही, ओरखडा नाही. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. मला तेही मागायची लाज वाटली.

"आज आवतन घ्या," बाबा हळूच म्हणाले, "उद्या जेवाले या."

बैलाला म्हणतात ते. बैलाला 'या' म्हणतात, कारण त्या दिवशी तो पाहुणा असतो. 

"बाबा," मी भिंतीकडे तोंड करूनच म्हणालो, "नोकरी गेली. आषाढातच गेली."

खांद्यावरचा हात थांबला नाही. "माईत हाय."

"कवापासून?"

"बाजारात बैलाच्या खांद्यावर हात ठेवला का समजते, किती दिवसाचा मोकळा हाय ते. पोराचं समजन नाई का?" दुसऱ्या खांद्याला तूप लावत ते पुढे म्हणाले, "कोठीतलं खोकं काढून घेजो. गव्हाले वास लागते."

आईने पदर तोंडाला लावला. ती रडत होती की हसत होती, मला आजही सांगता येणार नाही.

पोळ्याच्या दिवशी आमच्या घरी पहिलं ताट बैलाचं. बाबांनी ते ताट माझ्यापुढे ठेवलं. पुरणपोळी, कढी, वडे, पोळीवर थबथबून तूप. मी नको म्हणू शकत नव्हतो, आवतन घेतलेलं होतं. समोर बाबा बसले होते, मी पहिला घास घेईपर्यंत त्यांनी आपल्या ताटाला हात लावला नाही. इतकं लाजून मी कुठल्या लग्नातही जेवलो नाही.

आणि तरीही, लाज खरी कशाची ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. तान्हा पोळा होता. लेकरं धोतर नेसून, फेटे बांधून, चाकांचे बैल ओढत फाटकाशी आली. आई बोजारा म्हणून, म्हणजे दारी आलेल्या बैलांची ओवाळणी म्हणून, करंज्या वाटत होती, ताट माझ्या हातात होतं. ओवीने बाजारातला बैल आणला होता, घाईत घेतलेला, एक शिंग वाकडं. बाबांनी सुनीताकाकूंना थांबवलं.

"बाई, परवा मी तुमच्यासंग खोटं बोललो. पार्ट आला होता. घरातच होता."

काकू गडबडल्या. "जाऊ द्या ना भाऊ. एवढ्याशा गोष्टीचं काय?"

"नाई. मी बोललो ना. म्हनून सांगून टाकतो."

मी बोललो, असं म्हणाले ते. माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिथे मला एकच वाक्य बोलायचं होतं, 'काकू, तो मी लपवला होता.' वाक्य जिभेवर आलं होतं. लेकरं, त्यांच्या आया, समोरचे काका, सगळे बघत होते. मी ताट पुढे केलं आणि म्हणालो, "करंजी घ्या काकू."

त्यांनी घेतली.

संध्याकाळी ताईला फोन करून मी सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग त्या खिडकीतल्या मानसाले मी फुकटच बोललो." दुसऱ्या दिवशी ती जाऊन त्याची माफी मागून आली. ती बाबांची लेक आहे. मीही त्यांचाच, पण मला ते ताट पुढे करायला सुचलं.

आता मी अमरावतीतच असतो. एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात काम करतो आणि उरलेल्या वेळात मशीन चालवतो. ओवीला तिच्या पुढच्या तान्ह्या पोळ्याला माझा बैल मिळाला, तेव्हा काकूंना मी ते वाक्यही सांगून टाकलं. त्यांना आठवतसुद्धा नव्हतं. उशिरा फेडलेल्या शब्दाची अशीच गत होते, समोरच्याला तो नको असतो. दांड्याच्या खाचेत अजून हळद आहे. रॉकेलने पुसून निघाली असती, पण मी एका टोकाची राहू दिली. मशीन बराच वेळ चालून मोटर तापली की तिथून तुपाचा बारीक वास येतो.

बाबा आत्ताच वाटी घेऊन आले. आता त्यांना भिंतीला धरून चालावं लागतं. त्यांनी मशीन थांबवायला लावली, पाखऱ्याला लावलं, हरण्याला लावलं, बोटाला चिकटलेला भुसा पाहून खूश झाले. मग म्हणाले, "फिर." मी कॉलर खाली ओढून पाठ केली. माझा खांदा अजूनही मऊच आहे. बटणं दाबून घट्टे पडत नाहीत. बाबांचा हात तिथे क्षणभर थांबतो, चाचपतो. तूप मात्र मशीनपेक्षा मलाच जास्त लावतात.